चुळबुळ्यांनी बसवलेलं सुटं स्टिअरिंग

चुळबुळे खुर्चीत बसले की खुर्चीलाच घाम फुटतो. माणूस वाईट नाही, उलट फार चांगला. पण बुडाखाली निखारा ठेवल्यासारखा बसतो. बसला की उठतो, उठला की खिडकीची कडी हलवून बघतो, कडी घट्ट निघाली की तोंड पाडतो. त्यांचं खरं नाव रेशनिंगच्या नाहीतर मतदारांच्या यादीत असेल कुठेतरी. आमच्या गल्लीत मात्र त्यांच्या बायकोलासुद्धा सगळे चुळबुळेवहिनी म्हणतात आणि ती बिचारी ओ देते.

धंदाही देवाने बघूनच दिला. गाड्यांच्या स्टिअरिंगचं काम. गाडी डावीकडे ओढते, चाक थरथरतं, वळवलं की कट्कट् वाजतं, अशा तक्रारी घेऊन लोक त्यांच्या गॅरेजात येतात. दुसऱ्या मेकॅनिकला जे काम अर्ध्या दिवसात उरकतं, ते चुळबुळ्यांना दिवसभर पुरतं, कारण नट आवळला की तो आवळला का हे बघायला ते पुन्हा जातात, आणि बघून आलो का हे आठवायला तिसऱ्यांदा. पण त्यांच्या हातची गाडी परत आली असं कुणी सांगावं!

लग्नाची बोलणी करायला ते सासरी गेले होते तेव्हाची गोष्ट अजून सांगतात. मोठी माणसं बोलत होती आणि हे मधल्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बघत होते. बघवेना. शेवटी खिशातला पाना काढून नवरदेव टेबलाखाली शिरले. भावी सासरे चष्म्यावरून बघत राहिले. मग मुलीला आत नेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त याला कुठेतरी खिळा मारून ठेवावा लागेल."

मुलगी हसली आणि हो म्हणाली. टेबल मात्र सासरेबुवांच्या मनाला लागलं ते लागलंच. कारण ते स्वतः मशीनवाले. आख्खं आयुष्य शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. त्यांच्या घरात दुसरा कुणी पाना काढतो म्हणजे काय? आणि सासऱ्यांचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज असे: तेल. लांब चोचीची डबी त्यांच्या खिशात पेनासारखी असायची. दाराच्या बिजागरीला तेल, कात्रीला तेल, छत्रीला तेल. सासूबाई म्हणायच्या, "मी एक दिवस गुडघे दुखतात म्हटलं, तर हे डबी घेऊन उभे!"

तर अशा सासऱ्यांनी म्हातारपणी एक स्पोर्ट्स कार आणली. जुनी, दोन माणसांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, हिरव्या रंगाची. कुणाच्या तरी शेडमध्ये कोंबड्या बसायच्या तिच्यात. सासऱ्यांनी ती पुसली, घासली, तेल पाजलं आणि एका सकाळी ती खोकत-खोकत चालू झाली. त्या दिवसापासून म्हातारा तरुण झाला. रोज सकाळी धरणापर्यंत जायचं, तिथे दोन मिनिटं पाणी बघायचं आणि परत यायचं. सासूबाईंनी तिचं नाव 'सवत' ठेवलं. तरी शेजारच्या सीटवर बसून जायच्या, डोक्याला रुमाल बांधून. सवतीला एकटं कोण सोडतं?

मग सासरे पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खुबा बदलला, काठी आली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. पण डॉक्टरांनी ती गाडी बघितली नव्हती! तिच्यात बसायचं म्हणजे आधी एक पाय आत, मग कंबर दुमडून स्टिअरिंगच्या खालून सरकायचं. नव्या खुब्याला ते जमेना. पहिल्याच दिवशी सासरे अर्धे आत, अर्धे बाहेर असे अडकले. ना आत जाता येई, ना बाहेर. सासूबाईंनी बगलेत हात घातले, चुळबुळेवहिनींनी पाय धरले, आणि समोरच्या गॅलरीतून मोफत सल्ले सुरू झाले. "आधी डोकं काढा हो!" "अहो, डोकं तर बाहेरच आहे!"

बाहेर काढल्यावर सासरे कुणाशी बोलले नाहीत. खिशातली डबीसुद्धा टेबलावर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. गाडीवर चादर पडली. जेवण निम्म्यावर आलं.

वहिनींनी नवऱ्याला धरलं. "अहो, जगाच्या गाड्या सरळ करता, माझ्या बाबांसाठी काही करा ना."

चुळबुळ्यांना उपाय कधीच सुचला होता. सुचला होता म्हणूनच ते गप्प होते. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं सुटं स्टिअरिंग! क्विक रिलीज म्हणतात त्याला. मागची कडी ओढली की चाक हातात येतं. आत बसायचं, चाक पुन्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर दाबायचं, खट् वाजलं की बसलं. चाकच नसलं तर म्हातारा आरामात सरकून आत जाईल. पण जे हातात येतं ते नको तेव्हाही हातात येऊ शकतं, हा विचार ज्या डोक्यात एकदा शिरला त्या डोक्याचं काय होतं ते चुळबुळ्यांना ठाऊक होतं. डोकं त्यांचंच होतं.

सासूबाई तर ऐकूनच उभ्या राहिल्या. "निघतं? स्टिअरिंग निघतं? मग ठेवायचं कशाला?"

"आई, नीट बसलं की निघत नाही. आत छर्रे, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या असतात, त्या खाचेत जाऊन बसतात. कडी ओढल्याशिवाय सुटत नाहीत."

"तुमचे छर्रे तुमच्यापाशी. जावईबापू, मी एकच सांगते. त्या चाकाने एकदा, फक्त एकदा जरी दगा दिला, तरी ही सवत घरातून जाईल. मग ह्यांनी अन्न सोडलं तरी चालेल. कबूल?"

सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "कबूल." बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं होतं. आता जावई माघार कसा घेणार?

बसवायचा दिवस उजाडला तेव्हा चुळबुळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. आधी पुढची चाकं सरळ केली. बॅटरीची वायर काढली. जुनं स्टिअरिंग उतरवण्याआधी दांड्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली, कारण दांड्याला बारीक खाचा असतात आणि एक खाच जरी चुकली तरी गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं तोंड करून बसतं. मग जुनं चाक काढलं, दांड्यावर नवा बॉस, म्हणजे चाक धरणारी मधली बैठक, बसवला आणि मधला मोठा नट टॉर्कच्या, ठरलेला जोर आला की टक् म्हणणाऱ्या पान्याने आवळला. त्यावर सुट्या जोडाचा एक भाग, दुसरा भाग नव्या, लहानशा चाकाला. बारीक स्क्रू समोरासमोरचे घेत आवळले, एकाच बाजूने गेलं तर जोड तिरका बसतो. हॉर्नची वायर मोकळी, कुठे पिळली जाणार नाही अशी. सगळं झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रंगाची रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ मोडेल आणि कळेल.

सासरे स्टूल टाकून बघत होते. "तेल कुठे घालायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही घालायचं, बाबा."

"हलणारी वस्तू आहे ना?"

"आहे. पण यात धूळ चिकटली की..."

"हं," सासरे म्हणाले. या 'हं'चा अर्थ कळायला चुळबुळ्यांना वेळ लागला.

मग शिकवणी. "बाबा, चाक दाबायचं. खट् ऐकायचं. मग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून बघायचं. जोर लावून! मग डावी-उजवीकडे पिळायचं. हललं नाही तरच किल्ली." सासरे सरकून आत बसले, कसलीही कुरकुर न करता, चाक दाबलं, खट्, ओढलं, पिळलं. सासूबाई शेजारी बसल्या आणि हिरवी गाडी गल्लीबाहेर पडली. परत आले तेव्हा सासरे शीळ घालत होते. त्या रात्री वहिनींनी नवऱ्याला दुप्पट वाढलं. नवरा मात्र घास हातात धरून भिंतीकडे बघत होता.

मधला नट आवळला का?

आवळला होता. पान्याने टक् असं सांगितलं होतं. पण ते टक् त्या नटाचं की कालच्या दुसऱ्या गाडीचं? बस्स, झाली सुरुवात. दुसऱ्या दिवशी चुळबुळे सासरी हजर. निमित्त, डबा परत द्यायचा. सासूबाई डबा ठेवायला आत वळल्या की हे अंगणात. चाक काढलं, नट बघितला, रेघा बघितल्या, चाक बसवलं, ओढलं. ठीक. घरी येईपर्यंत प्रश्न बदलला: बसवताना खट् वाजलं का? तिसऱ्या दिवशी छत्री विसरल्याचं निमित्त. पाऊस नव्हता, पण छत्री होती. पुढे निमित्तं संपली तसे ते नुसतेच येऊ लागले. गल्लीत म्हणू लागले, जावयाला सासर गोड लागलंय. सासूबाई रोज चहा टाकू लागल्या आणि मनातून वैतागू लागल्या.

पण चुळबुळ्यांना तिथे वेगळंच दिसलं होतं. जोड तेलाने चमकत होता. पातळ, पिवळट, त्या ओळखीच्या वासाचं तेल, शिवणयंत्राचं. 'हं'चा अर्थ तो होता तर! आता सासऱ्यांना बोलावं तर टेबलाच्या पायाचं प्रकरण पुन्हा वर येणार, आणि सासूबाईंच्या कानी गेलं तर गाडीच जाणार. म्हणून ते बोलले नाहीत. खिशात सफाईचा फवारा ठेवू लागले. सासरे डुलकी घेत असले की फुस्स् करून तेल धुवायचं, फडक्याने पुसायचं, निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. पुन्हा फुस्स्. असा तो खेळ रंगला. एक घालतोय, दुसरा धुतोय, आणि दोघंही एकमेकांना म्हणतायत, "काय बाबा, कशी चाललीय?" "झकास हो!"

वहिनींनी एकदा विचारलंही, "तुमच्या शर्टाला हा कसला वास?" हे म्हणाले, "गॅरेजचा." गॅरेजचा वास तिला माहीत नाही होय! पण बाई शहाणी, एवढ्यावर सोडलं. मनात मात्र नोंद झाली.

मग एका दुपारी ते झालं. सासरे आत झोपले होते. चुळबुळ्यांनी चाक काढलं, फुस्स् केलं, पुसलं, परत दाबलं. खट् वाजलं. रोजच्यासारखं त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं.

चाक हातात आलं.

क्षणभर त्यांना वाटलं, आपणच कडी ओढली असेल. पुन्हा बसवलं. खट्. कडीला बोट न लावता ओढलं. जरा अडलं आणि आलं. खट् वाजतंय आणि धरत नाहीये! सासऱ्यांना आता सवय झाली होती, ते खट् ऐकत आणि ओढायचं विसरत, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि उद्या सकाळी नवरा-बायको सासूबाईंच्या बहिणीकडे निघणार होते, घाटाच्या रस्त्याने.

चुळबुळ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चाक शर्टाखाली सारून चालू पडले. समोरच्या गॅलरीने बघितलंच. "काय हो, पोट सुटलं एकदम?" हे म्हणाले, "सासूबाईंच्या हातचा चहा!" आणि जवळजवळ पळाले.

घरी वहिनींनी शर्ट वर केला आणि कपाळावर हात मारला. "अहो! माझ्या बाबांचं चाक चोरलंत?"

"चोरलं नाही. उतरवलं. ते धरत नाहीये."

वहिनी खाली बसल्या. "आईला सांगा."

"सांगितलं की गाडी गेली. आणि गाडी गेली की तुझे बाबा पुन्हा चादर ओढून बसले."

"आणि नाही सांगितलं तर?"

चुळबुळ्यांनी ओट्यावर कागद पसरला आणि जोड उघडला. कडी सुटी झाली, स्प्रिंग बाहेर आली, आणि मग त्यांना दिसलं. छर्र्यांच्या भोकांत काळा थर बसला होता, वाळलेला, चिवट. एक छर्रा अर्ध्यातच रुतून बसलेला, दुसरा जेमतेम हलत होता, म्हणून कडी पूर्ण मागे येत नव्हती. काडीने उकरू लागले आणि उकरता-उकरता हात थांबला. आधी मनात आलं होतं, बघा, तेल! सांगितलं होतं ना! पण नुसत्या तेलाने हा थर असा आत खोल जात नाही. तेलाने गल्लीची धूळ धरली खरी. ती धूळ फवाऱ्याने रोज आत कोंबली कुणी? आणि तिथे वाळवली कुणी? रोज, न चुकता, निमित्तं काढून काढून!

नुसतं तेल असतं तर महिन्याभराने वरचा थर दिसला असता, पुसला असता, संपलं असतं. ही जोडी जमली आणि घात झाला.

तेवढ्यात दारात काठी वाजली. सासरे. मागे सासूबाई. त्यांच्या मागे गॅलरीवाल्यांपैकी कुणी कुणी येऊ बघत होतं, त्यांना वहिनींनी दार लोटून बाहेर ठेवलं. आता दार काय, आवाज थोडाच अडवतं! म्हणून तर ही गोष्ट शब्दन् शब्द मिळाली.

"चाक कुठंय?" सासरे गरजले. मग त्यांची नजर ओट्याकडे गेली. शिवणयंत्रं उघडलेला माणूस. उघडं यंत्र दिसलं की रागावायचं विसरतो. जवळ आले, चष्मा वर केला, काळा थर बोटाने चोळून बघितला. "अरे, हे माझं तेल."

सासूबाई म्हणाल्या, "तुमचं तेल तिथे कशाला?"

"कोरडं पडायचं ना! रोज बघावं तर ठणठणीत कोरडं. मला वाटलं, उन्हाने उडतंय. म्हणून रोज चार थेंब जास्त..." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणजे माझ्यामुळे धरेना झालं?"

आता बघा, इथे चुळबुळ्यांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. सासरे स्वतःच कबूल झाले होते. टेबलाच्या पायाचं प्रकरणही कायमचं मिटलं असतं. चुळबुळ्यांनी हातातली काडी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"उन्हाने नव्हतं उडत, बाबा. मी पुसत होतो. रोज. हा फवारा मारून." त्यांनी खिशातून नळकांडं काढून ओट्यावर ठेवलं. "तुमच्या तेलाने धूळ धरली, मी ती आत ढकलली. नुसतं तुमचं तेल असतं तर एवढं झालं नसतं. आई, आज चाक माझ्या हातात निघून आलं. खट् वाजून. तुम्ही म्हणाला होता, एकदा जरी दगा दिला तरी... तर दिला."

नळाचा थेंब पडत होता; एरवी चुळबुळ्यांनी उठून नळ आवळला असता.

सासूबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग जावयाकडे. "म्हणजे एकाने लपून तेल घालायचं, दुसऱ्याने लपून पुसायचं, आणि मी दोघांना चहा करायचा?"

"आई..." वहिनी मध्ये पडू लागल्या.

"तू थांब. जावईबापू, मला सरळ सांगा. या जोडाला लागतं काय?"

"हा आता वापरायचाच नाही. छर्र्यांनी खाच चेपलीये. नवा घालायचा."

"बरं, नवा घातला. मग त्याला लागतं काय?"

"महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं. तेलाचा नुसता हात फिरवायचा, थेंब नाही. स्क्रूवरच्या रेघा मोडल्या नाहीत ना बघायचं. चाक बसवून हलवायचं, जरा जरी ढिलं लागलं तरी मला बोलवायचं."

"आणि रोज?"

"रोज बसताना ओढून बघायचं. बाकी रोज काही नाही."

"काही नाही?"

"नाही."

"मग तुम्ही रोज येऊन काय करत होतात?"

सासरे खाली बघून हसू दाबत होते. सासूबाई त्यांच्यावर वळल्या, "तुम्ही हसू नका. ती डबी इकडे द्या." डबी आली. "फवारा." फवाराही आला. दोन्ही त्यांनी पिशवीत टाकले. "बहिणीला कळवते, उद्या येत नाही. नवा जोड बसला की त्याची देखभाल मी करणार. तुम्हा दोघांपैकी कुणी हात लावताना दिसलं तर गाडी त्याच दिवशी जाईल. शिवाय रोज ओढून मी बघणार, हे फक्त खट् ऐकतात."

नवा जोड बसला. चुळबुळ्यांनी बसवला आणि त्यानंतर त्यांना हात मागे बांधून उभं राहावं लागलं. सासूबाईंनी डोक्याला रुमाल बांधला, शेजारच्या सीटवरून वाकून चाक दाबलं, खट् ऐकलं आणि असं ओढलं की सगळी गाडी हलली. डावीकडे पिळलं, उजवीकडे पिळलं. "हं," त्या म्हणाल्या. "लावा किल्ली."

चुळबुळे एक पाऊल पुढे झाले. सासूबाईंनी नुसतं बघितलं. चुळबुळे एक पाऊल मागे आले.

गाडी गेली. गल्लीच्या टोकाला दुसरा गिअर पडला, मोठ्या रस्त्याला तिसरा, मग आवाज विरला. वहिनी म्हणाल्या, "चला, चहा घेऊ." हे म्हणाले, "आलोच," आणि तिथेच येरझाऱ्या घालू लागले. फाटकाची कडी बघितली, घट्ट. जमिनीवर तेलाचा डाग पडलाय का बघितलं, नाही. रस्त्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. आतून दोनदा हाक आली. चहा निवला, सायीचा पापुद्रा धरला. घाटाच्या त्या पहिल्या वळणावर डावीकडे पूर्ण वळवावं लागतं. आत्ता तिथे असतील. आत्ता उतारावर. सासूबाईंच्या बहिणीकडे आज जाणार नव्हते, नुसतं धरणापर्यंत, मग घाट कुठला? तरी घाट डोळ्यांपुढून हलेना.

ऊन कलतं झालं तेव्हा गाडी आली. सासऱ्यांचे केस वाऱ्याने उभे, सासूबाईंचा रुमाल गळ्यात. इंजिन बंद झालं. सासऱ्यांनी कडी ओढली, चाक काढलं आणि खिडकीतून बाहेर धरलं. उतरायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागत.

चुळबुळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"धरा," त्या म्हणाल्या. "पण नुसतं धरा."

सासरे काठी शोधत होते, एक पाय बाहेर, मग दुसरा, मग जरा दम. चुळबुळे चाक छातीशी घेऊन उभे राहिले, अगदी नीट, फोटो काढायला उभे राहावं तसे. फक्त उजव्या हाताचा अंगठा कडीच्या कडेपर्यंत जात होता आणि परत येत होता.